गिऱ्हाईक एकच, आणि म्हणे बाजार!

सूर्यकुमार यादव आजवर एकच कसोटी खेळला आहे, आणि ती आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर. फेब्रुवारी 2023, समोर ऑस्ट्रेलिया. नॅथन लायननं त्याचा त्रिफळा उडवला तेव्हा त्याच्या नावावर आठ धावा होत्या. पुढच्या कसोटीला त्याला बसवलं आणि नंतर बोलावलंच नाही. पुढं तो भारताच्या टी-20 संघाचा कर्णधार झाला, तरी नागपुरात त्याचं नाव निघालं की कट्ट्यावर कुणी ना कुणी म्हणतंच, "ते ठीक आहे भाऊ, पण टेस्टमध्ये उघडा पडला ना!"

याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर 31 ऑक्टोबर 1987 ला सुनील गावसकरांनी न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. चेतन शर्माची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. 222 धावांचं लक्ष्य भारतानं 32.1 षटकांत गाठलं. गावसकरांच्या 108 एकदिवसीय सामन्यांतलं ते एकमेव शतक. 1975 च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर याच गावसकरांनी 174 चेंडू खेळून नाबाद 36 धावा काढल्या होत्या. पण गावसकर वनडेत उघडे पडले, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूही नये. मात्र यातून आपला न्याय कसा आहे ते दिसतं. लाल चेंडूवाला, म्हणजे कसोटी-रणजीचा खेळाडू, पांढऱ्या चेंडूवर, म्हणजे मर्यादित षटकांत, अडखळला तर तो त्याचा स्वभाव. पांढऱ्या चेंडूवाला लाल चेंडूवर अडखळला तर त्याचं पितळ उघडं पडलं!

हे कट्ट्यावरचं बोलणं कट्ट्यावरच राहिलं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत त्याचं एक प्रवचन तयार झालं आहे. रणजीनं माणूस घडतो, टी-20 नं बिघडतो. आजची पोट्टी चार ओव्हर टाकून कोटी मागतात. विदर्भाचं नाव मोठं करायचं सोडून ऑक्शनकडं डोळे लावून बसतात. मुलाला मैदानावर सोडायला आलेले वडील हे बोलतात, जुने खेळाडू बोलतात, वर्तमानपत्रांचे रकाने बोलतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मर्यादित षटकांचं क्रिकेट हा आज एक पूर्ण व्यवसाय आहे. तो करणाऱ्या भारतीय खेळाडूवर आपण बाजाराची सगळी जोखीम टाकली आहे, आणि बाजारात जाण्याची मुभा मात्र काढून घेतली आहे. ही गाठ सुटत नाही तोवर त्याला निष्ठेचे धडे द्यायचा आपल्याला अधिकार नाही.

विदर्भाला रणजीचा अभिमान आहे आणि तो कमावलेला आहे. 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असे तीन करंडक. त्याआधी कित्येक दशकं विदर्भाशी सामना म्हणजे समोरच्यांना गुण घरपोच. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली तेव्हा इथल्या ज्यांनी ती पाहिली, ते अजून त्या चेंडूंचं वर्णन हातानं करून दाखवतात. मीही त्यातलाच. चार दिवसांच्या क्रिकेटवर माझा राग नाही. हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला उन्हात बसून रणजीचं एक सत्र पाहण्यासारखं सुख नाही. पण अभिमानाच्या पोटी दुसऱ्याच्या पोटावर बोलायचं, तर आधी हिशेब मांडावा.

तर हिशेब. भारतीय क्रिकेट मंडळानं (बीसीसीआय) 2021 मध्ये ठरवलेल्या मानधनानुसार रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला 40 हजार मिळतात, आणि 40 हून अधिक सामने झालेल्याला 60 हजार. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस. नवखा पोरगा सगळे सामने खेळला तर 11 लाख 20 हजार. विजय हजारे करंडकाचे पन्नास षटकांचे सामने एका दिवसाचे, त्यामुळे सात सामन्यांचे त्याच दरानं 2 लाख 80 हजार. आणि सय्यद मुश्ताक अली, म्हणजे राज्य संघांचं टी-20, तिथं एका सामन्याचे साडेसतरा हजार. सात सामने धरले तरी सव्वा लाखाच्या आत. म्हणजे फक्त पांढऱ्या चेंडूचं क्रिकेट खेळणारा विदर्भाचा खेळाडू साखळीतला एकही सामना न चुकवता वर्षाकाठी चार लाखांच्या आसपास कमावतो, आणि त्याच्याच बरोबरीचा रणजी खेळणारा त्याच्या जवळपास तिप्पट. लोभी मुलगा असेल तर त्यानं हे गणित पाहून मुकाट्यानं चार दिवसांच्या संघात घुसायचा प्रयत्न करायला हवा! टी-20 वाला लोभी आहे म्हणताना आपण आयपीएलचा आकडा धरतो आणि त्याच्या हाती प्रत्यक्षात पडणारा आकडा विसरतो. आयपीएलमध्ये 2025 पासून करारावर आणखी साडेसात लाख रुपये सामन्याचं मानधन मिळतं, हे खरं. पण ते आत शिरलेल्यांना.

आत किती जण शिरतात? नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला झालेल्या मोठ्या लिलावासाठी 1,574 खेळाडूंनी नावं नोंदवली होती. विकले गेले 182, त्यांत भारतीय 120. आपल्याला आठवतो तो ऋषभ पंतचा 27 कोटींचा आकडा.

अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्माचं उदाहरण घ्या. तो 11 कोटींना बंगळुरूकडं गेला ही बातमी विदर्भात घरोघरी पोचली. 27 मे 2025 ला लखनऊमध्ये 228 धावांचा पाठलाग करताना त्यानं 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या, आणि त्या मोसमात त्याच्या संघानं पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. सगळं गोड. पण हाच जितेश 2016 साली 10 लाखांत मुंबईकडं गेला होता आणि एकही सामना न खेळता परतला होता. पंजाबनं त्याला 20 लाखांत घेतलं ते 2022 मध्ये. मधली सहा वर्षं कुणाच्या आठवणीत नाहीत. तो आयपीएलचा पहिला सामना खेळला तेव्हा 28 वर्षांचा होता, आणि भारताकडून पहिला टी-20 खेळला तेव्हा तिशीला टेकलेला. विदर्भाच्या चार दिवसांच्या संघात अक्षय वाडकरसारखा यष्टिरक्षक असताना त्याला तिथं मोजकेच सामने मिळाले. त्या सहा वर्षांत त्यानं हे सोडून दुसरं काही धरलं असतं, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. आता तो बडोद्याकडून खेळतो. त्यावरही इथं नाकं मुरडली गेली. संघ बदलणं हा अपराध असेल तर करुण नायर कर्नाटकातून आपल्याकडं आला तेव्हा आपण टाळ्या का वाजवल्या, हे कुणीतरी सांगावं.

दुसरी गोष्ट एकाच ड्रेसिंग रूममधल्या दोन दुबेंची. यवतमाळचा शुभम दुबे डिसेंबर 2023 च्या लिलावात 20 लाखांच्या बेस प्राइसवरून 5 कोटी 80 लाखांना राजस्थानकडं गेला. पुढच्या मोसमात त्याला मोजून काही सामने मिळाले. अकरा महिन्यांनी त्याच संघानं त्याच खेळाडूला परत घेतलं, 80 लाखांत. या अकरा महिन्यांत त्याची फटकेबाजी सात पटींनी घसरली होती का? अर्थातच नाही. त्याचा दर त्याच्या बॅटवर कमी आणि समोरच्या टेबलावर बसलेल्या संघाला सहाव्या क्रमांकावर किती मोठं भगदाड पडलंय, त्यावर जास्त ठरत होता. दुसरा दुबे म्हणजे डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष. 2024-25 च्या रणजीत त्यानं 69 बळी घेतले. एका मोसमात इतके बळी आजवर कुणी घेतले नव्हते. विदर्भानं करंडक उचलला. आणि आयपीएलचं दार त्याला उघडलं ते मे महिन्यात, हैदराबादच्या एका जायबंदी खेळाडूची बदली म्हणून, 30 लाखांत.

या दोन आकड्यांवरून बाजार वाईट, असं मी म्हणणार नाही. बाजार त्याला हव्या त्या मालाला भाव देतो आणि पंधरा चेंडूंत चाळीस धावा काढणं हा दुर्मीळ माल आहे. हे कौशल्य हलकं समजणाऱ्यांनी एकदा जामठ्यावर जावं. तिथल्या सीमारेषा लांब, खेळपट्टीही नेहमी फलंदाजांची नसते. 2016 च्या टी-20 विश्वचषकात याच मैदानावर न्यूझीलंडच्या सँटनर आणि सोधी या फिरकीपटूंनी भारताला 79 धावांत गुंडाळलं होतं. तेव्हा 'आडवेतिडवे पट्टे' मारायला आपल्याकडंही नावाजलेले लोक होते. हिवाळ्यातल्या रात्री दव पडल्यावर साबणासारख्या झालेल्या चेंडूनं बुंध्यात यॉर्कर टाकणं, फलंदाज हलला की त्याच क्षणी चेंडू मागं खेचून हळू सोडणं, हे शिकायला तितकीच वर्षं लागतात जितकी ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला लागतात. 2021 च्या मुश्ताक अली उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध आपल्या दर्शन नळकांडेनं शेवटच्या षटकात चार चेंडूंत चार बळी घेतले होते. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला. रणजीत असं काही झालं असतं तर आपण त्याच्या नावानं गोष्टी सांगत बसलो असतो. टी-20 होतं, म्हणून फार तर मोबाइलवरची एक चित्रफीत उरली.

पन्नास षटकांच्या खेळाडूची अवस्था तर आणखी विचित्र आहे, कारण त्याला ना रणजीची प्रतिष्ठा ना आयपीएलचा पैसा. पुण्याच्या केदार जाधवनं भारताकडून 73 एकदिवसीय सामने खेळले, 42 ची सरासरी राखली, कसोटी एकही नाही; फेब्रुवारी 2020 नंतर तो संघाबाहेर गेला तो गेलाच. खापरखेड्याजवळच्या वलनीचा आपला उमेश यादव 2015 च्या विश्वचषकात 18 बळी घेऊन भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला, आणि 106 बळींवर त्याची वनडे कारकीर्द 2018 मध्येच थांबली. आणि 2024-25 च्या विजय हजारेमध्ये विदर्भाचा कर्णधार असलेल्या करुण नायरनं 779 धावा केल्या, सरासरी 389.50. टंकलेखनाची चूक नाही, बहुतेक डावांत तो बादच झाला नाही. तीन आठवड्यांनी, 6 फेब्रुवारीला, भारत-इंग्लंड वनडे मालिकेचा पहिला सामना जामठ्यावर झाला; संघात करुण नव्हता. काही महिन्यांनी त्याला बोलावणं आलं ते कसोटीसाठी. पांढऱ्या चेंडूच्या धावा लाल चेंडूच्या खात्यात वटल्या, आणि वनडेचं दार बंदच राहिलं. राज्य पातळीवर पन्नास षटकांचा खेळ कशासाठी खेळायचा, याचं उत्तर यापेक्षा वाईट देता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. मार्चच्या सुरुवातीला रणजी संपते. आयपीएलमध्ये नसलेल्या विदर्भाच्या खेळाडूला त्यानंतर मंडळाच्या स्पर्धा दिसतात त्या थेट पावसाळा सरल्यावर. मधल्या काळात नागपुरात 45 अंश, मग पाऊस. याच महिन्यांत जगात काय चाललेलं असतं? जून-जुलैत अमेरिकेत मेजर लीग क्रिकेट. जुलै-ऑगस्टात इंग्लंडमध्ये द हंड्रेड. ऑगस्ट-सप्टेंबरात कॅरिबियन प्रीमियर लीग. अफगाणिस्तानचा विशीतला फिरकी गोलंदाज, नेपाळचा लेगस्पिनर, नामिबियाचा अष्टपैलू, सगळे या लीगांतून वर्षाची बेगमी करतात. भारतीय पुरुष खेळाडूला मात्र मंडळाची एनओसी, म्हणजे ना-हरकत परवानगी, मिळत नाही. परदेशी टी-20 लीग खेळायची तर आधी भारतातल्या सगळ्या क्रिकेटमधून, आयपीएलसकट, निवृत्ती घ्यायची. दिनेश कार्तिक निवृत्त झाल्यावर दक्षिण आफ्रिकेत खेळला. अश्विननं परदेशी लीगचा विचार केला तो आयपीएल सोडल्यावर. त्यांचं आयुष्य तोवर मार्गी लागलं होतं. पण 26 वर्षांचा, लिलावात न विकला गेलेला मुलगा निवृत्त कशातून होणार? त्याचं सुरूच कुठं झालंय? 2012 मध्ये भारताला 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकून देणारा उन्मुक्त चंद 2021 मध्ये 28 व्या वर्षी इथलं सगळं बंद करून अमेरिकेला गेला. आपण त्याच्यावर हळहळलो, नियमावर नाही.

आणि हा नियम कसल्या तत्त्वावर उभा आहे, ते पाहण्यासाठी फार लांब जायची गरज नाही. 2022 मध्ये उमेश यादव मिडलसेक्स काउंटीकडून खेळला, इंग्लंडच्या पन्नास षटकांच्या स्पर्धेतसुद्धा. त्याला कुणी अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. पन्नास षटकं परदेशात खेळली तर चालतात, वीस खेळली तर चालत नाहीत! क्रिकेटच्या हिताचा किंवा शरीरावरच्या ताणाचा प्रश्न असता तर उलट झालं असतं. राखायचं आहे ते एकच: भारतीय खेळाडू टी-20 खेळताना पाहायचा असेल तर तो फक्त आयपीएलमध्ये दिसावा.

गंमत पुढं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या एसए20 लीगमधले सहाही संघ आयपीएलच्या मालकांचे आहेत. मुंबईचा मालक केपटाऊन आणि न्यूयॉर्कलाही संघ चालवतो, कोलकात्याचा त्रिनिदाद आणि लॉस एंजेलिसला. मालकाचा पैसा समुद्र ओलांडतो, त्याचे प्रशिक्षक ओलांडतात, जर्सीचा रंगसुद्धा ओलांडतो. ओलांडता येत नाही ते फक्त खेळणाऱ्याला. ज्या बाजारात विकणारे दीड हजार, घेणारे दहा, घ्यायचा दिवस वर्षातून एकदा, आणि न विकलेला माल दुसरीकडं न्यायला बंदी, त्याला नागपूरच्या कळमना मंडईतला संत्री विकणारा शेतकरीसुद्धा बाजार म्हणणार नाही.

याला जे उत्तर दिलं जातं ते मी हलक्यात घेत नाही. आयपीएलचं मोल तिच्या एकमेवपणात आहे. त्या मोलातूनच प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात आणि त्यातूनच रणजीचे 60 हजार येतात. सगळ्यांना मोकळं सोडलं तर वेस्ट इंडिजचं झालं तसं होईल: चांगले खेळाडू लीगांच्या मागं आणि देशाच्या संघात उरलेसुरले. वेस्ट इंडिजचं उदाहरण खरं आहे, पण तिथल्या मंडळाकडं पैसा नव्हता. आपल्याकडं जगातलं सर्वांत श्रीमंत मंडळ आहे. शिवाय मी सगळ्यांना मोकळं सोडा म्हणत नाही. मागणी चिमूटभर आहे. ज्याच्याकडं मंडळाचा वार्षिक करार नाही, ज्याला त्या वर्षीच्या लिलावात कुणी घेतलं नाही, त्याला एप्रिल ते सप्टेंबर या काळात एक परदेशी लीग खेळू द्या; परवानगी राज्य संघटनेनं द्यावी, आणि रणजी-हजारेच्या वेळेला तो परत हजर असावा. यानं आयपीएलचं मोल घटेल? ज्याला दहापैकी एकाही संघानं 30 लाखांनासुद्धा घेतलं नाही, त्याला त्रिनिदादमध्ये खेळताना पाहिल्यानं कोणता प्रायोजक पळून जाणार आहे? आणि तो इतका मौल्यवान असेल की त्याच्या जाण्यानं आयपीएलला धक्का बसतो, तर मग त्याला विकत घ्या की.

असे किती जण परदेशी संघांना हवेसे वाटतील? सुरुवातीला फार नाहीत, हे मला कबूल आहे. पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिल्याची भाषा बदलते, हे दुकानदारी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मुंबईत बसलेल्या भारतीय मंडळाकडं बोट दाखवून विदर्भाला मात्र मोकळं होता येणार नाही. आपल्या संघटनेचं स्वतःचं मोठं स्टेडियम आहे, अकादमी आहे, जून 2025 मध्ये तिनं स्वतःची विदर्भ प्रो टी-20 लीगही सुरू केली. चांगलं केलं, गुझदर लीगमध्ये, म्हणजे इथल्या क्लबांच्या स्पर्धेत, खेळणाऱ्या मुलांना दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्यासमोर खेळायला मिळालं. पण लीग दहा-अकरा दिवसांची असते. बाकी वर्षाचं काय? विदर्भाच्या सिनिअर संघाच्या प्रत्येक संभाव्य खेळाडूशी वर्षाचा लेखी करार असावा आणि त्यात पांढऱ्या चेंडूच्या खेळाडूंचा कोटा वेगळा धरलेला असावा. सामना खेळला तर पैसे, हा रोजंदारीचा हिशेब आहे. जखमेनं घरी बसलेल्या गोलंदाजाला त्यात शून्य. वेगवान गोलंदाजाच्या पाठीचं हाड सांधायला सहा महिने लागतात. तेवढ्यात त्याचा मोसमही गेलेला असतो आणि लिलावही.

पूर्वी या खड्ड्यावर नोकरीची फळी टाकलेली असायची. रेल्वे, कोळसा खाणी, बँका, महालेखाकार कार्यालय. नागपुरातली कितीतरी घरं क्रिकेटवर नव्हे, क्रिकेटमुळं लागलेल्या नोकरीवर चालली. उमेश यादव पोलिस भरतीत थोडक्यात हुकला होता, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण भारताकडून इतकी वर्षं खेळल्यावर 2017 मध्ये त्यानं नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत सहायक व्यवस्थापकाची जागा घेतली, हे मला अधिक बोलकं वाटतं. विश्वचषक गाजवलेल्या माणसालाही सरकारी पगाराचा आधार हवासा वाटला, तर मुश्ताक अलीच्या साडेसतरा हजारांवर जगणाऱ्याला काय वाटत असेल? या जागा आता आटत चालल्या आहेत. वर निवृत्तीनंतर मंडळ जी मासिक मदत देतं, ती मोजली जाते प्रथम श्रेणी सामन्यांवर. 2022 मध्ये तिची किमान रक्कम 15 हजारांवरून 30 हजार केली, स्वागत आहे. पण दहा वर्षं विदर्भासाठी शेवटची षटकं टाकणाऱ्या, चार दिवसांच्या संघात कधीच न बसलेल्या गोलंदाजाचे सामने तिथं धरलेच जात नाहीत. लिस्ट ए (म्हणजे पन्नास षटकांच्या) आणि टी-20 सामन्यांना काही भारांक देऊन ते मोजायला घ्यावेत, यासाठी क्रांतीची गरज नाही, एका ठरावाची आहे.

जाता जाता एक. लाल चेंडूशिवाय क्रिकेटपटू अपुरा, असं म्हणणाऱ्यांनी मुलींचं काय करायचं ठरवलंय? भारतात महिलांचं देशांतर्गत क्रिकेट वर्षानुवर्षं जवळजवळ सगळं मर्यादित षटकांचंच राहिलं आहे. नागपूरची मोना मेश्राम आणि अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळल्या त्या पांढऱ्याच चेंडूवर. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तोही पन्नास षटकांचा. तिथं कुणाला त्यांची तपश्चर्या कमी वाटली नाही. मग मुलांनाच ही अट का?

मुलाला बाराव्या वर्षापासून फक्त षटकार शिकवणाऱ्या शिबिरांचा मी समर्थक नाही. शहरात अशा अकादम्यांच्या फलकांवर लिलावाचे आकडे प्रशिक्षकाच्या नावापेक्षा मोठे छापलेले असतात, आणि रेशीमबागेच्या बाजूला संध्याकाळी फिरकलात तर किटबॅगचं वजन पेलत नाही अशा वयाची मुलं स्ट्राइक रेटवर चर्चा करताना ऐकू येतात. तंत्र पक्कं असावं, लाल चेंडू खेळावाच. पण विसाव्या वर्षी ज्याला कळलं की आपलं बळ शेवटच्या पाच षटकांत आहे, त्यानं तिथं जीव ओतला तर तो वाट चुकलेला नाही. ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांनी ती वाट अरुंद ठेवली आहे.

आणि हे सगळं मागायचं कुणी? भारतात खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. 2019 मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, मंडळाच्या कार्यकारिणीत तिचे दोन प्रतिनिधीही बसतात, पण ती निवृत्तांची. क्रिकेट प्रशासनातल्या सुधारणांनंतर राज्य संघटनांचं सदस्यत्व मिळतं तेही माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना. एनओसीचा प्रश्न ज्याला भेडसावतो तो खेळता आहे, म्हणून कुठंच सदस्य नाही; आणि निवृत्त झाल्यावर त्याला एनओसीची गरजच उरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा संघटनांनी खेळाडूंची समिती नेमावी अशी तरतूद आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, तेही टी-20, त्यामुळं आमचा याच्याशी संबंध नाही असं मंडळाला फार काळ म्हणता येणार नाही. त्या समितीत नावं सुचवायची वेळ येईल तेव्हा विदर्भानं एखादं गाजलेलं नाव पाठवू नये. लिलावात दोनदा अनसोल्ड राहिलेला, अजून खेळत असलेला, मुश्ताक अलीत शेवटचं षटक टाकणारा कुणीतरी पाठवावा. तसे आपल्याकडं पुरेसे आहेत.